हातचा

नोव्हेंबरात तक्ता भरायचा असतो.
आबेरवेन विद्यापीठ, नियोजन विभाग, दुसरा मजला,
खिडकीबाहेर वेल्सचा करडा समुद्र
आणि कचऱ्याच्या पेटीवर भांडणारे सीगल.
चौदा वर्षं हे काम माझ्याकडे आहे.
दर विद्यार्थ्यामागे शिक्षक किती,
दर शिक्षकामागे शोधनिबंध किती,
परदेशी किती, समाधानी किती.
मी खोटं लिहीत नाही.
कुणाला कुठे मोजायचं, एवढंच ठरवते.
अर्धवेळ शिकवणारी काट्रिन
शिक्षकांच्या रकान्यात पूर्ण धरली,
पगाराच्या रकान्यात ती पुन्हा अर्धी झाली.
तिला कुठेच दुखलं नाही.

प्रतिष्ठेला तेहतीस टक्के.
ती मात्र मी भरत नाही.
ती भरतो दूरचा एखादा प्राध्यापक,
विमानतळावर, कॉफी थंड होईपर्यंत,
ज्यानं आमचं गाव पाहिलेलं नाही
आणि मागच्या यादीत आम्ही खाली होतो
एवढंच ज्याला आठवतं.
यादी प्रतिष्ठेला विचारते, प्रतिष्ठा यादीला.
दोन शेजारणी एकमेकींकडे विरजण मागतात,
दूध कुणाच्याच घरी नाही.

तळघरात गोरोन्वी प्रॉसर काच फुंकायचा.
तोंडात रबरी नळी, डोळ्यांवर जांभळट चष्मा,
रसायनशास्त्राला हवा तो बाक, हवा तो सांधा.
मुलं कागदावर चित्र काढून आणायची.
तो बराच वेळ बघायचा आणि म्हणायचा,
"हे फुटेल.
तुला खरं काय हवंय ते सांग."
कितीतरी प्रबंध त्या वाक्यापाशी सुरू झाले म्हणतात.
म्हणतात,
कारण त्याला रकाना नाही.
तो शिक्षक नव्हता, संशोधक नव्हता,
तो 'इतर' मध्ये होता,
आणि 'इतर' हा नुसता खर्च असतो.

हे मीच दाखवून दिलं. सल्लागारांनी विचारलं होतं.

निरोपाला केक होता.
गोरोन्वीनं मेणबत्तीची ज्योत पारखून पाहिली,
"पिवळी आहे फार," म्हणाला,
आणि विझवली.

त्या वर्षी आम्ही अकरा पायऱ्या चढलो.
कुलगुरूंनी ग्रंथालयाच्या समुद्राकडच्या भिंतीवर
तीन मजली फलक लावला.
दुसऱ्या आठवड्यात वाऱ्यानं
अकरातला एक एक फाडून नेला.
सात दिवस आम्ही एकच पायरी चढलेलो होतो.
कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग कुमासीहून पत्र आलं. कागदाचं, तिकीट लावलेलं.
एस्सी क्वानसाह, आमची जुनी विद्यार्थिनी.
"प्रॉसरनं बनवलेला कंडेन्सर
मी एकोणीस वर्षांपूर्वी मांडीवर ठेवून आणला.
सहा मुलींचे प्रबंध त्यावर झाले.
परवा सांधा तडकला.
सातवीला तुमच्याकडे पाठवायचं म्हणते.
तुम्ही यादीत कितवे ते पाहिलं नाही.
तो माणूस अजून तळघरात आहे ना?"

मी खाली गेले.
भट्टीच्या जागी गुंडाळलेले फलक उभे होते,
जुन्या वर्षांचे, जुन्या क्रमांकांचे.
फरशीच्या फटीत काचेचा एक थेंब सापडला,
मोहरीएवढा, पूर्ण गोल.

शाळेत आमच्या मिस लॉइड
पाठीमागे उभ्या राहून वही तपासायच्या.
सगळे आकडे बरोबर, तरी उत्तर चूक.
कान धरून म्हणायच्या,
"हातचा कुठे गेला, नेरिस?"

कुमासीला अजून उत्तर लिहिलेलं नाही.
नवा तक्ता आला आहे, यंदा दोन रकाने जास्त.
गोरोन्वीचं घर माझ्या वाटेवरच आहे.
रात्री कधीकधी त्याच्या शेडमध्ये
निळी ज्योत दिसते.
पत्र कोटाच्या खिशात आहे,
मंगळवारपासून.